पीएच ६.२ च्या पाण्यातल्या गोगलगायी: शंख का झिजतो आणि आत काय बिघडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातला फ्लॅट, ६० लिटरची टाकी, पाणी घरच्या आरओचं, आत ड्रिफ्टवुड आणि देशी बदामाची सुकी पानं, पीएच ६.२. टेट्रा आणि फायटर मासे मजेत आहेत. पण दोन मिस्ट्री स्नेल गोगलगायींच्या शंखाच्या टोकाला पांढरे खड्डे पडलेत, दोघी दिवसदिवस पाण्याच्या वर काचेला चिकटून बसतात, आणि रॅम्सहॉर्न जातीच्या गोगलगायी अंडी घालतात, पण पिल्लं मोठी होत नाहीत. आम्लाने फक्त शंख विरघळतो की आतल्या जिवालाही काही होतं, आणि दुकानात मिळणारं पीएच वाढवायचं द्रावण टाकलं की भागेल का, असं तुम्ही विचारलंय.

आतल्या जिवाला नक्कीच होतं, आणि शंखावर खड्डा दिसायच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं. त्या द्रावणाने मात्र भागणार नाही. तुमच्या टाकीत पीएचचा आकडा हे लक्षण आहे. खरी उणीव कॅल्शियम आणि बायकार्बोनेटची आहे. असं का म्हणतो ते सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं की उपाय तुमचे तुम्हालाच सुचतील.

मी रत्नागिरीकडे बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. प्रयोगशाळेत आणि घरी मिळून २० वर्षांहून जास्त काळ गोगलगायी पाळतोय. आमच्याकडे जांभ्यातल्या विहिरींचं पाणी मऊ, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असलेलं, आणि किंचित आंबट असतं. पावसाळ्यात ते आणखी पातळ होतं. त्यामुळे तुम्हाला आरओमुळे जे दिसतंय ते मला विहिरीने दाखवलं.

आधी एक कबूल करतो. ६.२ वर गोगलगाय जगेल की नाही याचं एकच उत्तर नाही. जात कोणती, वय काय, पाण्यात कॅल्शियम किती, आम्लपणा कशामुळे आलाय आणि किती हळू आलाय, या सगळ्यावर ते ठरतं. फायसा आणि रॅम्सहॉर्न बरंच सोसतात. मिस्ट्री स्नेल आणि नेराइट लवकर खंगतात. म्हणून कुणी ‘माझ्याकडे सहाच्या खाली मस्त चाललंय’ म्हणालं तर तो खोटं बोलतोय असं समजू नका. त्याचं पाणी वेगळं असेल.

आता शंख. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, बहुतेक गोगलगायींत अ‍ॅरागोनाइट या रूपात. वरून प्रथिनाचा एक पातळ, तपकिरी-हिरवट थर असतो, त्याला पेरिऑस्ट्रॅकम म्हणतात. लाकडावरच्या व्हार्निशसारखं त्याचं काम. हे व्हार्निश फार मोलाचं आहे, कारण गोड्या पाण्यात कार्बोनेट मुळातच कमी असतं. पीएच साडेसात असलेल्या, बऱ्यापैकी क्षार असलेल्या पाण्यातसुद्धा उघडा अ‍ॅरागोनाइट हळूहळू विरघळू शकतो. पीएच एकाने घसरला आणि क्षारता, म्हणजे आम्ल शोषून घ्यायची पाण्याची ताकद, तीच राहिली, तर पाण्यातलं कार्बोनेट साधारण दहा पटींनी कमी होतं. म्हणजे ७.२ आणि ६.२ यांतलं अंतर कागदावर एकाचं, शंखाच्या दृष्टीने दहा पटींचं.

खड्डे टोकालाच का? टोक हा शंखाचा सगळ्यात जुना भाग. तो दगड-लाकडाला सर्वाधिक घासला गेलेला असतो, तिथलं व्हार्निश उडालेलं असतं. आणि पेरिऑस्ट्रॅकम तयार करते ती फक्त प्रावाराची कड, म्हणजे शंखाच्या तोंडाशी असलेली मऊ झालर. टोकाला ते पुन्हा चढवायची सोय गोगलगाईकडे नाही. ती फार तर आतून चुन्याचा थर देऊन भोक पडू न देण्याची काळजी घेते. म्हणून पडलेले खड्डे भरून येण्याची वाट पाहू नका. ते तसेच राहतील.

इथपर्यंतचं बहुतेकांना माहीत असतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तोच या प्रश्नाचा गाभा आहे.

गोगलगाय शंख कशी बांधते ते पाहा. ती पाण्यातून कॅल्शियम घेते, बायकार्बोनेट घेते, आणि दोन्ही जोडून कॅल्शियम कार्बोनेट तयार करते. या जोडणीत प्रत्येक वेळी एक हायड्रोजन आयन सुटतो. म्हणजे शंख बांधणं हे स्वतःच आम्ल तयार करणारं काम आहे. ते आम्ल बाहेर टाकलं नाही तर नुकताच बसवलेला चुना पुन्हा विरघळेल. ते बाहेर जातं कुठे? त्वचेतून आसपासच्या पाण्यात. बाहेरचं पाणी आधीच आंबट असेल तर प्रत्येक हायड्रोजन आयन चढावर ढकलावा लागतो, आणि त्याला ऊर्जा लागते. त्यात तुमच्या आरओच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नाही आणि बायकार्बोनेटही नाही. घर बांधायला वीट नाही, सिमेंट नाही, आणि राडारोडा टाकायला जागाही नाही, अशी त्या जिवाची अवस्था होते.

लिम्निया स्टॅग्नॅलिस या तळ्यातल्या गोगलगायीवर १९६० आणि ७० च्या दशकांत बरंच काम झालं. त्यातून दिसलं की ती आपलं बहुतांश कॅल्शियम अन्नातून नाही, थेट पाण्यातून घेते, साधारण ८० टक्के. म्हणून ‘मी पालक घालतो, काकडी घालतो, तरी शंख का झिजतो?’ याचं उत्तर इथे आहे. अन्न मदत करतं, पण मुख्य पुरवठा पाण्याचा असतो. (पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, ही आणखी एक गोष्ट. पानं द्यायचीच तर शेवग्याची द्या, उकळत्या पाण्यातून काढून.)

दुसरा ताण मिठाचा. गोड्या पाण्यातल्या प्रत्येक प्राण्याप्रमाणे गोगलगायीच्या अंगातलं द्रव बाहेरच्या पाण्यापेक्षा कित्येक पटींनी खारं असतं. पाणी सतत आत शिरत राहतं, मूत्रपिंड ते पातळ करून बाहेर टाकत राहतं, आणि त्यासोबत जाणारं सोडियम त्वचेतून परत ओढून घ्यावं लागतं. हे ओढून घेणं हायड्रोजन बाहेर टाकण्याशी जोडलेलं असतं. त्यामुळे पाणी आंबट झालं की सोडियमची आवक मंदावते. आम्लधर्मी तळ्यांत मासे मरतात त्यामागेही बऱ्याच अंशी हेच सोडियमचं दिवाळं असतं. तुमचे टेट्रा ठणठणीत आहेत, कारण त्यांच्या जाती अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, आंबट, गडद पाण्यात घडल्या आणि त्यांच्या कल्ल्यांना त्याची सवय आहे. मासे खूश म्हणजे पाणी चांगलं, हा निष्कर्ष गोगलगायींना लागू करू नका.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात वाईट वाटते. अंगातलं द्रव आंबट व्हायला लागलं की गोगलगाय ते सावरायला स्वतःचाच शंख वापरते. प्रावाराच्या बाजूने शंखातला चुना विरघळवून ती रक्तात बायकार्बोनेट सोडते. काही जातींत ऊतकांमध्येही चुन्याचे कण साठवलेले असतात, तेही उपयोगी पडतात. थोड्या वेळासाठी ही उत्तम सोय आहे. उन्हाळ्यात तळं आटल्यावर आपल्या शेतातली पायला, म्हणजे मोठी गोल गोगलगाय, झाकण लावून चिखलात पडून राहते, तेव्हा आत साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर अशाच साठ्याचा उतारा चालतो. पण तुमच्या टाकीत हा प्रसंग रोजचाच आहे. म्हणजे शंख बाहेरून पाणी खातंय आणि आतून गोगलगाय स्वतः. बाहेरचा खड्डा तुम्हाला दिसतो, आतलं पातळ होणं दिसत नाही. शंख उजेडापुढे धरून पाहिलात तर नवे वेढे नको तितके पारदर्शक दिसतील.

काचेवर चढून बसण्याचंही यातच उत्तर आहे. मिस्ट्री स्नेलला कल्लाही असतो आणि हवेत श्वास घेणारी पिशवीही. पाणी त्रास देऊ लागलं की ती वर येते किंवा झाकण ओढून आत बसते. दोन्ही वेळा ती खात नाही. न खाणाऱ्या प्राण्याकडे आयन ढकलायला लागणारी ऊर्जा कुठून येणार? त्यामुळे आधी सांगितलेले सगळे ताण आणखी वाढतात. अर्थात मिस्ट्री स्नेल अंडी घालायलाही पाण्याच्या वर चढते, तेव्हा एखाद्या रात्री वर दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. दिवसदिवस बसणं वेगळं.

आणि पिल्लं. माझ्या वर्गात मी एक साधा प्रयोग ठेवायचो. एका बरणीत जांभ्याच्या विहिरीचं पाणी, दुसरीत बोअरचं जड पाणी. दोन्हींत रॅम्सहॉर्नचे रिकामे शंख, मोठ्या जिवंत गोगलगायी आणि अंड्यांचे पुंजके. विहिरीच्या पाण्यात रिकामे शंख काही आठवड्यांत खडूसारखे व्हायचे. त्याच पाण्यातल्या मोठ्या गोगलगायींचे शंख मात्र बरेच टिकायचे, कारण आतली बाजू त्यांच्या ताब्यात असते. विद्यार्थी म्हणायचे, मग जिवंत गोगलगायींना काही होत नाही. मी म्हणायचो, पिल्लं मोजा. अंडी फुटायची, टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं बाहेर यायची आणि तिथेच थांबायची. बोअरच्या बरणीत तोवर झुंड झालेली असायची. पिल्लाचा शंख कागदासारखा, वजनाच्या मानाने त्वचा जास्त, आणि बांधकामाचा वेग सगळ्यात मोठा. म्हणून कॅल्शियमची टंचाई पहिल्यांदा त्यालाच मारते. मोठ्या गोगलगायी महिनोन्‌महिने जगतात आणि मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. तुमच्या टाकीत आज हेच चाललंय.

निसर्गातही हेच दिसलंय. ब्रिटनमध्ये ए. ई. बॉयकॉट यांनी १९३६ साली गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांच्या अधिवासांचा मोठा आढावा घेतला. हेच बॉयकॉट डाव्या-उजव्या वळणाच्या लिम्नियाच्या आनुवंशिकतेमुळे बीएस्सीच्या पुस्तकात भेटतात. लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी कॅल्शियम असलेल्या पाण्यात बऱ्याच जाती सापडत नाहीत, असं त्यांनी नोंदवलं. पुढे नॉर्वेत यान आणि कारेन आना ऑक्लंड या दांपत्याने शेकडो तलाव तपासले. तिथे आम्लवर्षेने पाणी आंबट झालं होतं. पीएच ५.२ च्या खाली त्यांना एकही गोगलगाय मिळाली नाही. ५.२ ही शेवटची भिंत झाली. तिच्या बऱ्याच वर, सहाच्या आसपासच, एकेक जात गळायला लागते, आणि पाणी मऊ असेल तर लवकर गळते.

आता पीएचच्या आकड्यावर विसंबू नका असं का म्हणतो ते. समजा तुमच्या मित्राची टाकी झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड सोडलेली आहे. केएच (पाण्यातली क्षारता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, मोजणारा आकडा) ४, पीएच ६.६. त्याचा हिशेब केला तर पाण्यात लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड येतो. दुसऱ्या टाकीत पीएच तोच ६.६, पण आरओचं पाणी, केएच अर्धा-एक. पहिल्या टाकीत विटा-सिमेंट आहे, रात्री गॅस बंद झाला की पीएच वर येतो, गोगलगायीला सावरायला वेळ मिळतो. शंख झिजतो, पण ती बांधत राहते. दुसरीत दिवसरात्र उपासमार. उलट बाजूही सांगतो: कार्बन डायऑक्साइड त्वचेतून सहज आत जातो आणि थेट रक्त आंबट करतो, त्यामुळे गॅस जास्त झाला तर जड पाण्यातल्या गोगलगायीही वर चढतात. आणि सॉफ्टनरचं पाणी असेल तर पीएच ८ दिसूनही कॅल्शियम शून्याजवळ असू शकतं, कारण सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम देतो. तीन टाक्या, तीन वेगळे आजार. टीडीएस पेननेही हे कळत नाही, कारण तो क्षार मोजतो, कुठला क्षार ते सांगत नाही.

म्हणून पहिलं काम: केएच आणि जीएच (पाण्याचा जडपणा) मोजायचं थेंबांचं किट घ्या. केएच १ म्हणजे लिटरमागे सुमारे १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता. जीएचमध्ये कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमही मोजलं जातं, हे लक्षात ठेवा. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या बोअरला मॅग्नेशियम भरपूर असू शकतं. मी गोगलगायींसाठी केएच ३ ते ५, जीएच ६ ते ८ आणि पीएच ७.२ ते ७.८ धरतो. तुमच्याकडे केएच बहुधा शून्य किंवा एक येईल.

ते तसं का झालं हेही समजून घ्या, नाहीतर पुन्हा तिथेच याल. आरओच्या पाण्यात सुरुवातीलाच केएच नगण्य. त्यात फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार करतात: अमोनियातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे ७ मिलिग्रॅमहून थोडी जास्त क्षारता खर्च होते. वर लाकूड आणि बदामाची पानं. जमा शून्य, खर्च रोजचा.

आता उपाय, आणि त्याआधी एक सावधगिरी, कारण इथे मी स्वतः चूक केलीय. पीएच सहाच्या आसपास असताना ते जिवाणू मंदावतात आणि पाण्यात अमोनियम साठतं. आंबट पाण्यात ते फारसं विषारी नसतं. पण तुम्ही द्रावण टाकून पीएच एका दिवसात ७.५ वर नेलात तर त्यातल्या विषारी अमोनियाचं प्रमाण सुमारे वीस पटींनी वाढतं. वीसेक वर्षांपूर्वी मी असंच घाईने पीएच चढवला आणि गोगलगायी वाचवायला जाऊन एका रात्रीत मासे गमावले. म्हणून आधी अमोनिया तपासा. असेल तर आधी चार-पाच दिवस रोज थोडं पाणी बदला, आणि पीएच दिवसाला ०.२ पेक्षा जास्त हलू देऊ नका.

पाणी बदलताना आरओमध्ये क्लोरीन काढलेलं नळाचं पाणी मिसळा. चतुर्थांशापासून सुरू करा आणि दोन-तीन आठवड्यांत अर्ध्यावर या. तुमच्या नळाचं केएच किती आहे ते आधी मोजा. तेही फार मऊ निघालं तर मिश्रणाने काम होणार नाही. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत मूठभर क्रश्ड कोरल ठेवा. नाहीतर समुद्रफेन, पक्ष्यांच्या दुकानात मिळणारं कटलबोन, टाकीत सोडा. ते तरंगतं, गोगलगायी स्वतः येऊन खरवडतात. समुद्रावरचे शिंपले स्वच्छ उकळून चालतात. अंड्याची टरफलं आतला पापुद्रा काढून, उकळून, चुरून चालतात. या सगळ्यांचा मोठा गुण असा की पाणी जितकं आंबट तितके ते जास्त विरघळतात आणि पीएच चढला की आपोआप मंदावतात. म्हणून थोडं जास्त पडलं तरी अनर्थ होत नाही.

खाण्याचा चुना मात्र कधीही टाकू नका. ‘चुनाच तर हवाय’ म्हणून पानाच्या डबीतला चुना टाकणारे मी पाहिलेत. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड आहे, त्याच्या संतृप्त द्रावणाचा पीएच १२ च्या वर जातो आणि सगळं जळून जातं. खाण्याचा सोडा अडीनडीला चालतो: ६० लिटरला साधारण १.८ ग्रॅमने केएच एकाने वाढतो. पण त्यातून कॅल्शियम एक कणही मिळत नाही, म्हणून तो एकट्याने पुरत नाही. तुम्ही विचारलेल्या पीएच वाढवणाऱ्या द्रावणाचंही बहुतेक वेळा हेच असतं. माशांच्या औषधात तांबं आहे का तेही पाहा. गोगलगायींना तांबं फार लवकर बाधतं, आणि मऊ, आंबट पाण्यात त्याचा जहरीपणा वाढतो, कारण एरवी कॅल्शियम जे संरक्षण देतं तेच तिथे नसतं.

बदामाची पानं आणि लाकूड फायटरसाठी हवंच असेल तर मी दोन टाक्या करीन. टेट्रांना मऊ पाणी आवडतं आणि मिस्ट्री स्नेलला नाही. मधला आकडा काढून दोघांनाही अर्धवट ठेवण्यापेक्षा गोगलगायींना १५–२० लिटरची एक साधी टाकी आणि स्पंज फिल्टर देणं स्वस्तही पडतं आणि न्याय्यही. एकच टाकी ठेवायची असेल तर केएच ३, पीएच ७ च्या आसपास थांबा. तुमच्याकडचे टेट्रा पाळीव पैदाशीचे असतील तर एवढं सहज चालवून घेतील, आणि रॅम्सहॉर्नही वाढतील.

सुधारणा कुठे पाहायची? टोकाकडे नाही. शंखाच्या तोंडाशी, कडेला. आज ती कड बहुधा फाटकी, पांढुरकी आणि कागदासारखी असेल. पाणी सुधारल्यावर तीन-चार आठवड्यांत तिथे नवी पट्टी येईल, जरा जाड, रंग धरलेली. जुन्या आणि नव्यामध्ये एक रेघ राहील, ती आयुष्यभर राहते. त्याआधी, आठ-दहा दिवसांत, काचेवर बसणाऱ्या दोघी खाली उतरून खायला लागल्या पाहिजेत. उतरल्या नाहीत तर केएच, जीएच आणि अमोनियाचे आकडे, आणि नळाच्या पाण्याचे वेगळे आकडे, मला लिहा. रॅम्सहॉर्नचा अंड्यांचा एखादा पुंजका आत्ताच काढून मिश्र पाण्याच्या बरणीत ठेवा, सोबत समुद्रफेनाचा तुकडा. दोन आठवड्यांत पिल्लं निघतील. ती वाढतात की टाचणीच्या डोक्यावर अडतात, हे तुम्हाला कुठल्याही किटपेक्षा आधी आणि खरं सांगेल.